अननसाच्या शेंड्यातून नवा अननस: कुजू द्यायचा नाही आणि घाई करायची नाही

अननस चिरायला घेतला की पहिला वार शेंड्यावर पडतो, आणि तो शेंडा सालींबरोबर थेट कचऱ्यात जातो. पण त्या अख्ख्या फळात पुढे वाढू शकेल असं जे काही जिवंत आहे ते त्या शेंड्यातच आहे. गर आपण खाऊन टाकतो, त्यात बी जवळजवळ कधीच सापडत नाही, आणि वरचा तो काटेरी तुरा म्हणजे नुसती पानांची जुडी वाटते, पण ते एक छोटं पण पूर्ण झाड आहे. मधे बोटभर खोड, त्याला गोलाकार चिकटलेली पानं, मधोमध वाढीचा कोंब, आणि खालच्या पानांच्या आड मुळांच्या बारीक गाठीसुद्धा आधीपासून तयार असतात. त्याला फक्त माती मिळायची राहिलेली असते.

हे कसं काय ते समजून घ्यायचं असेल तर अननस उभा कापून बघा. आपण जो मधला कडक दांडा काढून टाकतो ना, तो झाडाचं खोडच असतो, फळाच्या आरपार गेलेला. अननसाचं झाड वाढत वाढत एका दिवशी मधूनच फुलांचा दांडा काढतो, त्या दांड्याभोवती शंभर ते दोनशे फुलं गोल गोल लागतात, प्रत्येक फुलाचं एक छोटं फळ होतं आणि ती सगळी फळं दांड्यासकट एकमेकांत मिसळून जे तयार होतं त्याला आपण अननस म्हणतो, म्हणजे सालीवरचा प्रत्येक डोळा हे एकेक फूल होतं. आणि गंमत म्हणजे फुलं संपली तरी खोड थांबत नाही, ते वर निघतं आणि पुन्हा पानं काढायला लागतं. तोच हा शेंडा. म्हणून तो फळावर ठेवलेला मुकुट वगैरे नसून खोडाचंच पुढचं टोक आहे हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

बी का नसते? तर अननसाचं फूल आपल्याच जातीचा पराग स्वीकारत नाही, आणि मळ्यात तर एकाच जातीची हजारो झाडं असतात, त्यामुळे बी धरतच नाही. दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तर मात्र छोट्या कडक बिया होतात. हवाई बेटांवर तर हमिंगबर्ड पक्षी आणायलाच बंदी आहे, कारण ते पराग इकडचा तिकडे करतात आणि अननसात बिया भरल्या तर फळ कोण खाणार. आपल्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की शेंड्यातून जे झाड येईल ते मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असेल. गोड, कमी काट्यांच्या जातीचं फळ आणलं असेल तर त्याचा शेंडाही त्याच जातीचा, म्हणून जे फळ खाऊन खूप आवडलं त्याचाच शेंडा लावा.

आता शेंडा निवडताना. पानं हिरवी, ताठ पाहिजेत, आणि मधली कोवळी पानं तर नक्कीच शाबूत पाहिजेत. बऱ्याच जणांना मधलं पान उपटून फळ पिकलंय का ते बघायची सवय असते, त्यात वाढीचा कोंबच दुखावतो. काही मळ्यांमध्ये शेंडा छोटा राहावा म्हणून फळ झाडावर असतानाच मधला कोंब मुद्दाम काढून टाकतात, अशा शेंड्याच्या मधोमध पोकळी किंवा वाळलेला खड्डा दिसतो. तो घेऊ नका, त्याला मुळं आली तरी वरचा कोंब नसल्यामुळे बाजूने फुटवा फुटायची वाट बघावी लागते. आणि खूप दिवस थंडीत किंवा फ्रिजमध्ये राहिलेलं फळही टाळा, मूळचं उष्ण प्रदेशातलं झाड आहे हे, दक्षिण अमेरिकेतलं, गारठ्याने कोंब आतून काळा पडतो आणि बाहेरून कळतसुद्धा नाही.

माझे पहिले दोन शेंडे कुजले, आणि का कुजले ते सांगितलंच पाहिजे कारण बहुतेकांचे तिथेच कुजतात. पहिला मी सुरीने कापला होता, खाली दोन बोटं गर ठेवून, मला वाटलं तेवढंच खाद्य मिळेल त्याला. लगेच कुंडीत खोचला आणि रोज सकाळी पाणी. तीन आठवडे पानं हिरवीगार होती, मी खूश. मग एक दिवस जरा हलवून बघितला तर अख्खा हातात आला, खालचा भाग तपकिरी, लिबलिबीत, आणि आंबूस दारूसारखा वास. दुसरा पाण्याच्या ग्लासात ठेवला होता, त्यालाही खाली थोडा गर होताच, चौथ्या दिवशी पाणी गढूळ आणि आठव्या दिवशी तोच वास. तिसऱ्या वेळी गर पूर्ण काढला, सुकवला, आणि तो जगला. आज त्याच झाडाचा फुटवा माझ्याकडे वाढतोय.

म्हणजे गरात साखर असते, ओली साखर म्हणजे बुरशीला आमंत्रण. ती शेंड्याला खाद्य म्हणून काही उपयोगाची नाही, शेंड्याचं खाद्य त्याच्या खोडात आणि पानांत आहे. म्हणून सुरीने कापण्यापेक्षा एका हातात फळ घट्ट धरा, दुसऱ्या हातात जाड फडकं घेऊन शेंडा मुळाशी धरा आणि पिळा, बाटलीचं झाकण उघडतो तसा. पिकलेल्या फळाचा शेंडा कट्कन निघतो आणि सोबत खोडाचा गोल बुडखा येतो, गर फारसा येतच नाही. नाही निघाला तर कापा, पण मग गराचा प्रत्येक कण खरवडून काढा.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं. खालची पानं एकेक करून खाली ओढायची, सरळ सोलल्यासारखी निघतात, खालच्या आठ-दहा छोट्या पानांपासून सुरुवात करून साधारण दोन-तीन सेंटीमीटर खोड उघडं होईपर्यंत. आणि तिथे नीट बघा. पांढऱ्या-हिरवट खोडावर मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके दिसतील, काही शेंड्यांवर तर ते ठिपके फुटून बारीक वाकड्या दोऱ्यांसारखी मुळं खोडाला गुंडाळून बसलेली असतात, माती नाही, पाणी नाही, तरी आधीच निघालेली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी किती तरी वेळ तो शेंडा हातात घेऊन बसले होते. ठिपके दिसत नसतील तर बुडखा अगदी पातळ चकत्या करत जरासा वर कापा, पण कोवळ्या पांढऱ्या भागापर्यंत जाऊ नका.

मग सुकवायचं. उलटा करून किंवा आडवा ठेवून, सावलीत, हवेशीर जागी, तीन ते सात दिवस. हवा दमट असेल तर जास्त, कोरडी असेल तर कमी. पानं तोडल्याच्या जखमा आणि बुडखा कोरडा, थोडा कडक झाला पाहिजे, बोट लावलं तर ओलं लागायला नको. एवढे दिवस झाडाला पाण्याशिवाय ठेवायचं म्हणजे जिवावर येतं, मला माहितीये, पण गुलाबाची किंवा जास्वंदाची फांदी जशी तासाभरात मान टाकते तसं याचं होत नाही, आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे, अननसाची पुढची सगळी काळजीसुद्धा त्या एकाच कारणावर उभी आहे.

बघा, कुठल्याही झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला पानांवर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. अडचण अशी की छिद्रं उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. बहुतेक झाडं दिवसा उन्हात छिद्रं उघडी ठेवतात, कारण अन्न बनवायला ऊन लागतंच, आणि त्याच्या बदल्यात भरपूर पाणी गमावतात. अननस असं करत नाही. तो दिवसा उन्हाच्या वेळी बराच काळ छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री उघडतो. रात्री गारवा असतो, वाफ कमी होते, तेव्हा तो कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात पानांमध्ये साठवून ठेवतो, आणि सकाळी ऊन आलं की दारं बंद करून त्या साठ्यातून अन्न बनवतो. म्हणजे बाजार रात्री करायचा आणि स्वयंपाक दिवसा. निवडुंग, कोरफड आणि त्यांच्यासारख्या अनेक झाडांचीही हीच रीत आहे. पहाटे पानाचा तुकडा चावला तर आंबट लागेल आणि संध्याकाळी कमी आंबट, कारण दिवसभरात ते आम्ल वापरलं गेलेलं असतं.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे अननसाला पाणी खूप कमी लागतं. दुसरी, शेंडा मुळं नसताना आठवडे नाही तर महिनेसुद्धा हिरवा राहू शकतो, म्हणजे हिरवा दिसतोय म्हणून लागला असं समजायचं नाही, माझा पहिला शेंडा तीन आठवडे हिरवा दिसला तो यामुळेच, आतून मेलेला होता तरी. आणि तिसरी, हा हळू वाढतो. पाणी वाचवायचं तर कार्बनही मोजकाच येणार, त्यामुळे वर्षभरात आंब्याच्या रोपासारखी झपाझप उंची वगैरे बघायला मिळणार नाही.

लावण्याकडे येऊ. पाण्यात मुळं आणायची की थेट मातीत? दोन्ही चालतं. पाण्यात ठेवलं तर मुळं डोळ्यांना दिसतात आणि त्याचा आनंद मोठा असतो, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर पाण्यातच करा. फक्त बुडखाच पाण्यात, पानं वर, ग्लासाच्या काठावर काड्या आडव्या लावून शेंडा टेकवायचा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, भर उन्हात ठेवायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसायला लागतात. ती चार-पाच सेंटीमीटर झाली की मातीत. मी स्वतः आता थेट मातीत लावते कारण पाण्यात वाढलेली मुळं फार नाजूक असतात, मातीत हलवताना निम्मी तुटतात आणि झाडाला पुन्हा नव्याने मुळं काढावी लागतात, म्हणजे वेळ वाचला असं वाटतं पण वाचत नाही.

माती कशी पाहिजे, तर पाणी घातलं की खालून लगेच निघून जाईल अशी. साधी माती, जाडसर वाळू किंवा पर्लाइट (कुंडीच्या मातीत घालतात ते हलके पांढरे दाणे), आणि कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा पालापाचोळ्याचं खत, साधारण सारख्या प्रमाणात. निवडुंगासाठी जे मिश्रण करतात ते जरा जास्त सेंद्रिय करून घेतलं तरी झालं. अननसाला आंबट म्हणजे ॲसिडिक माती आवडते, पीएच ४.५ ते ६ च्या दरम्यान, त्यामुळे चुना, राख किंवा अंड्याची टरफलं असलं काही त्यात घालू नका, बाकीच्या झाडांना चांगलं म्हणून यालाही चांगलं असं नाही. पहिली कुंडी पंधरा सेंटीमीटरची पुरे. मोठ्या कुंडीत छोटं झाड लावलं की न वापरलेली माती ओली राहते, आणि ओल म्हणजे परत कुजण्याची भीती. शेंडा उघड्या खोडापर्यंतच आत जाऊ द्या, माती चारी बाजूंनी घट्ट दाबा, आणि मधल्या कोंबात माती जाणार नाही एवढं बघा.

लावल्यावर एकदा पाणी, मग वरची दोन-तीन सेंटीमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा नाही. उजेड भरपूर पण पहिले काही आठवडे कडक ऊन नको. आणि हलवून बघू नका! सहा ते आठ आठवडे तरी हात लावायचा नाही. मूळ धरलं का हे कळण्याची दोन लक्षणं, एक म्हणजे हलकेच ओढलं तर शेंडा मातीला धरून राहतो, आणि दुसरं, मधून नवी पानं येतात, जुन्यांपेक्षा रुंद, फिकट ताज्या हिरव्या रंगाची. खालची दोन-चार जुनी पानं टोकाकडून वाळतील, त्याने घाबरू नका. पण मधलं पान अलगद ओढल्यावर सुळकन बाहेर आलं आणि त्याच्या बुडाला घाण वास असेल तर कोंबच कुजलाय, ते झाड वाचत नाही, माती टाकून द्या आणि नवीन शेंडा घ्या.

मूळ धरलं की मग ऊन. रोज सहा तास तरी, जास्त मिळालं तर उत्तमच, फक्त सावलीतून उन्हात एकदम न आणता आठवडाभर हळूहळू सरकवत न्या नाहीतर पानं भाजून पांढुरकी पडतात. ऊन कमी पडलं की पानं लांब, लेचीपेची, गडद हिरवी होतात, झाड जगतं पण फळापर्यंत पोचायला फार वेळ घेतं. उबदार हवा लागते, वीस ते बत्तीस अंश सेल्सियसमध्ये हा खुशीत असतो, पंधराच्या खाली वाढ जवळजवळ थांबते आणि बर्फ पडण्याएवढी थंडी झाली तर मरतो. थंड प्रदेशात राहत असाल तर हिवाळ्यात कुंडी आत, खिडकीपाशी. जागा ठरवताना आणखी एक, पानांची टोकं सुईसारखी असतात आणि बऱ्याच जातींच्या कडेला करवतीसारखे काटे असतात, झाड मोठं झालं की मीटरभर पसरतं, तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेवर किंवा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका.

पाण्याचं परत सांगते कारण इथेच लोक चुकतात. आठवड्यातून एकदा, हवा फार गरम असेल तर दोनदा. पण पाणी द्यायची पद्धत वेगळी आहे. अननसाची पानं पन्हाळीसारखी खोलगट असतात, पाऊस पडला की पाणी पानावरून घरंगळत बुडाशी, पानाच्या बेचक्यात जमा होतं, आणि तिथे खोडातून निघालेली बारीक मुळं ते पितात. हा ज्या घराण्यातला आहे त्या ब्रोमेलियाड घराण्यातली कितीतरी झाडं तर मातीशिवाय, दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर बसून, नुसत्या पानांतल्या पाण्यावर जगतात. त्यामुळे अननसाला पाणी वरून, पानांवरून द्या, थोडं बेचक्यात राहू द्या, थोडं मातीत जाऊ द्या. फक्त थंडीच्या दिवसांत बेचक्यात पाणी साचू देऊ नका, गार पाणी कोंबात बसून राहिलं की कुजतो.

खतही याच वाटेने देता येतं, आणि मला वाटतं तेच जास्त लागू पडतं. द्रव खत सांगितल्याच्या निम्मं पातळ करून महिन्यातून एकदा पानांवर फवारायचं किंवा बुडाच्या पानांत ओतायचं, मधल्या कोंबात नको. मातीत अधूनमधून मूठभर गांडूळखत. पानं पिवळी पडायला लागली आणि विशेषतः नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर बहुतेक लोह कमी पडतंय, माती कमी ॲसिडिक झाली की मुळांना लोह घेता येत नाही, तेव्हा लोहाचं पातळ द्रावण पानांवर फवारलं की दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. तांबं असलेली बुरशीनाशकं मात्र याच्यावर मारू नका, तांबं कोंबात साचलं की झाडाला बाधतं.

किडींचा त्रास तसा कमी. पिठ्या ढेकूण म्हणजे पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते एवढ्यावरच थांबत नाहीत, त्यांच्यामार्फत झाड वाळवणारा रोग येतो, पानं लालसर होऊन टोकाकडून मुडपायला लागतात. आणि झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर समजा की पिठ्या ढेकूण जवळपास आहेत, कारण मुंग्याच त्यांना सांभाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. सुरुवातीलाच साबणाच्या पातळ पाण्यात कापूस बुडवून पुसून काढा, मुंग्यांची वाट बंद करा.

साधारण वर्षभरात झाडाला तीस सेंटीमीटरची, म्हणजे बारा इंची कुंडी लागते. ही शेवटची, याहून मोठीची गरज नाही, मुळं वरवरची असतात. आणि आता येतो तो टप्पा जिथे बहुतेकांचा धीर सुटतो: झाड छान आहे, मोठं आहे, पण फूलच येत नाही.

अननसाला फूल वयाने येत नाही, आकाराने येतं. त्याच्या खोडात एका अख्ख्या फळाचं खाद्य साठलं पाहिजे, तोपर्यंत तो फुलायचं मनावर घेत नाही. शेंड्यातून लावलेल्या झाडाला उबदार जागी यासाठी दीड ते दोन वर्षं लागतात, आणि पुढे फळ पिकायला आणखी पाच-सहा महिने, म्हणजे एकूण दोन ते तीन वर्षं धरून चाला. पुरेसा मोठा झाल्यावर गारसर रात्री आणि छोटे दिवस आले की तो आपणहून फुलतो. निदान तीस-चाळीस भक्कम पानं आणि साधारण साठ सेंटीमीटर उंची, एवढं झालं की झाड तयार आहे म्हणायचं.

तयार असूनही फुलत नसेल तर त्याला इशारा देता येतो, आणि हा शोध धुरामुळे लागला. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर १९व्या शतकात काचघरांमध्ये अननस वाढवायचे, तिथे लक्षात आलं की आत धूर झाला की झाडं एकदम, सगळी एकाच वेळी फुलतात. मग मुद्दाम धूर करायला लागले. पुढे २०व्या शतकात कळलं की हे काम धुरातला इथिलीन वायू करतो. इथिलीन म्हणजे तोच वायू जो पिकलेल्या फळातून निघतो आणि शेजारच्या कच्च्या फळांना पिकवतो, अननसाच्या झाडाला मात्र तो फुलायला सांगतो. घरी यासाठी लागतं एक छान पिकलेलं सफरचंद. कोंबात पाणी साचलेलं असेल तर कुंडी कलती करून काढून टाका, सफरचंद अर्धं करून बुडाशी मातीवर ठेवा, अख्ख्या झाडावर मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून खाली सैलसर बांधा आणि सावलीत ठेवा, उन्हात ठेवलं तर आत झाड शिजेल. पाच ते सात दिवसांनी काढा. दिवस-रात्र दोन्ही पिशवी राहू द्या हे महत्त्वाचं, कारण मघाशी सांगितलं तसं याची छिद्रं रात्री उघडतात, वायू आत जातो तो मुख्यतः रात्रीच, मोठ्या मळ्यांत इथिलीनची फवारणी रात्री करतात ती याचसाठी. काही जण कॅल्शियम कार्बाइडचा खडा वापरायला सांगतात, घरी ते करू नका, त्यातून पेट घेणारा वायू निघतो. आणि झाड लहान असताना सफरचंदाची घाई केलीत तर फूल येईल पण फळ लिंबाएवढं राहील, ते परत मोठं होत नाही, कारण झाडाला फळ एकदाच धरायचं असतं.

पिशवी काढल्यावर लगेच काही दिसत नाही. दोन-अडीच महिने जातात. मग एका सकाळी वरून वाकून बघितलं तर पानांच्या मधोमध, जिथे इतके दिवस फक्त हिरवं दिसायचं, तिथे रुपयाएवढा लाल-गुलाबी ठिपका असतो. पुढच्या काही दिवसांत मधली पानं बाजूला होतात आणि लालसर खवल्यांचा छोटा कोन वर येतो, कणीस यावं तसा. त्या खवल्यांमधून जांभळी-निळी फुलं उमलतात, तीन पाकळ्यांची, नखाएवढी, खालून वर अशा क्रमाने, रोज थोडी थोडी. प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं, सकाळी उघडलेलं संध्याकाळी कोमेजतं, आणि सगळी फुलून व्हायला तीन-चार आठवडे लागतात. रोज सकाळी चहा घेऊन मी तिथे जायचे, आज किती उघडली ते मोजायला. फुलं वाळली की प्रत्येक फुलाच्या जागी एक डोळा फुगायला लागतो आणि वर छोटा शेंडा दिसू लागतो.

या काळात पाणी जरा नियमित द्या, खत फळ धरेपर्यंत चालू ठेवा. फळ जड झालं की दांडा कलतो, काठी रोवून सैल बांधा. उन्हाकडची बाजू भाजतेय असं वाटलं तर पातळ कापड टाका.

काढायची घाई मात्र अजिबात करू नका. केळं, आंबा कच्चा काढला तरी घरात पिकून गोड होतो कारण त्यात स्टार्च साठवलेला असतो, त्याची नंतर साखर होते. अननसात असा साठा नसतो, त्याची सगळी साखर पानांतून, दांड्यातून येते, दांडा तोडला की गोडवा तिथेच थांबला. नंतर रंग पिवळा होईल, मऊ पडेल, पण जास्त गोड होणार नाही. म्हणून बुडाकडून पिवळेपणा चढत निदान अर्ध्यापर्यंत येऊ द्या, डोळे चपटे आणि भरलेले होऊ द्या, आणि जवळ गेल्यावर वास आला पाहिजे, नाक लावून शोधावा लागला तर अजून थोडे दिवस. माझं फळ कुंडीतलं असल्यामुळे दोन तळहातांत मावेल एवढंच होतं, आणि चवीला इतकं दाट गोड की मी ते एकटीने न खाता घरातल्या प्रत्येकाला दोन-दोन फोडी मोजून दिल्या.

फळ काढल्यावर मूळ झाड हळूहळू संपत जातं, पण लगेच उपटू नका. बुडाशी आणि पानांच्या बेचक्यांत फुटवे आलेले असतात, काही वेळा फळाच्या खाली दांड्यावरही छोटे कोंब लागतात. हे शेंड्यापेक्षा लवकर फळ देतात, कारण त्यांच्याकडे आईचा साठा असतो, मोठ्या फुटव्याला फूल यायला साधारण वर्ष-सव्वा वर्ष पुरतं. कुंडीत जागा असेल तर सगळ्यात भक्कम असा एक फुटवा आईच्या बुडालाच राहू द्या, तयार मुळांवर तो जोमाने वाढतो. बाकीचे वीतभर झाल्यावर बुडाशी धरून पिळून काढा, खालची चार पानं सोला, तीन दिवस सावलीत सुकवा आणि शेंडा लावला तसेच वेगळ्या छोट्या कुंड्यांत लावा. तुमच्या त्या फळाचा शेंडाही आता तुमच्या हातात असेल, त्याचा गर नीट खरवडून तोही त्यांच्या शेजारी सुकायला ठेवा.